रविवारचे धुणे

मी एक जुनी फळी आहे. थांबा मित्रांनो, लगेच पान उलटू नका! फळीला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटले असेल. आगगाडीच्या खेळात इंजिनाने आपली गोष्ट सांगावी, निदान सिग्नलने तरी सांगावी. पण इंजिनाचे काय, ते येते आणि जाते. ते जिथून जाते ती जागा कोणाला तरी व्हावे लागते. ती जागा मी आहे.

माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर रुंदीचे रूळ जातात. रुळांच्या एका अंगाला पाण्याचा चर आहे आणि चरापलीकडे दोन गाई आहेत. दुसऱ्या अंगाला लाल विटांचे घर आहे, चहाच्या डब्याएवढे. घरामागे दोन खांब, खांबांना दोरी आणि दोरीवर धुणे. बस्स, एवढेच. माझ्यावर स्टेशन नाही, बोगदा नाही, साधा पूलसुद्धा नाही. आजवर माझ्यावर कोणी उतरले नाही की गाडीत चढले नाही. तरीही एका रविवारी माझ्यावरून अख्खी रेल्वे अडून बसली होती. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

रूळ यायच्या आधी मी पाळण्याची कडेची फळी होते. जर्मनीत, उत्तर समुद्राच्या काठी, पूर्व फ्रिझलंडमधल्या एका गावात गेशे आणि हिनर्क हे जोडपे राहते. त्यांची तिन्ही मुले त्या पाळण्यात वाढली. फ्राउके ही धाकटी. तिला दात आले तेव्हा तिने ते पहिल्यांदा पावावर चालवले नाहीत, माझ्यावर चालवले. माझ्या कडेला तिच्या इवल्या दातांचे व्रण अजून आहेत. पुढे मुले मोठी झाली, पाळणा मोडून पडवीत ठेवला गेला आणि मला वाटले, आता आपली पाळी चुलीत.

हिनर्कला आगगाड्यांचा भारी नाद. खऱ्या नव्हे, छोट्या, पण खऱ्यासारख्या हुबेहूब. त्या हिवाळ्यात तो माळ्यावर बसून सहलगाडी तयार करत होता. समुद्रावर फिरायला निघालेल्या माणसांची ही गाडी, फक्त रविवारी सुटणारी. डब्यांमध्ये त्याने गवती टोप्या घातलेल्या बाया बसवल्या होत्या, गुडघ्यावर डबा धरलेले आजोबा बसवले होते, आणि एक पोरगा तर खिडकीतून जीभ काढून दाखवत होता. आमच्याकडे असे नाद करणारे गावोगाव आहेत. प्रत्येक जण हिवाळाभर घरी आपापली फळी सजवतो. कोणी शेत करतो, कोणी पवनचक्की, कोणी अख्खे स्टेशन. सगळ्या फळ्यांची टोके मात्र एकाच मापाची असतात. मग वसंतात सगळे एका शाळेच्या व्यायामशाळेत जमतात, टोकाला टोक जोडतात, आणि आतल्या गावांपासून समुद्रापर्यंत जाणारी एक लांबलचक रेल्वे तयार होते. ती तीन दिवस चालते, शुक्रवार ते रविवार. पुन्हा सुट्या होऊन फळ्या घरी जातात.

गेशे दर वर्षी या मेळाव्याला केक घेऊन जात असे. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "या वर्षी मी केक आणणार नाही."

हिनर्कचा घास हातातच राहिला. "का गं? ओव्हन बिघडला?"

"ओव्हन धडधाकट आहे. या वर्षी मी रूळ आणणार आहे."

"रूळ? तू?"

"मी. का, रूळ काय मिशा बघून सरळ राहतात?"

"तसं नाही गं. पण लोक केक विचारतील त्याचं काय?"

"मग तू कर. पीठ वरच्या फडताळात आहे."

अशी मी पडवीतून स्वयंपाकघरात आले. बटाटे उकडेपर्यंत, कपडे भिजेपर्यंत, मुले शाळेतून येईपर्यंत, असा मिळेल तेवढा वेळ काढून गेशेने मला घडवले. चहाच्या गाळणीने तिने माझ्यावर हिरवा भुसा चाळला, केकवर पिठीसाखर भुरभुरावी तसा. चरातले पाणी म्हणजे रोगणाचे थर, एक वाळला की दुसरा. टेबल माझ्याकडे असल्यामुळे घरच्यांनी तो हिवाळा मांडीवर ताटल्या घेऊन काढला.

हे घर कोणाचे, ते गेशे काम करता करता सांगत असे. ते तिच्या आईचे घर. पूर्वी त्याच्या मागूनच खरी रेल्वे जायची. आता ते रूळ उखडले आहेत आणि तिथे सायकलींची वाट झाली आहे. कोळशाचे इंजिन वळणावर आले की चालक शिट्टी द्यायचा. ती शिट्टी ऐकली की गेशेची आई धावत जाऊन दोरीवरच्या चादरी छातीशी कवटाळायची, धुराने काळ्या होऊ नयेत म्हणून. गाडी गेली की पुन्हा सोडायची. "अजून चादर झटकताना मला ती शिट्टी ऐकू येते," गेशे म्हणाली. हिनर्क तेव्हा जिन्यात बसून आजोबांच्या मिशीला रंग लावत होता. तो नुसते "हं हं" म्हणाला. हा काही ऐकत नाही, असे गेशेला वाटले. मलाही वाटले.

सगळ्यात शेवटी धुणे. पाळण्याखालच्या खणात फ्राउकेचे एक जुने दुपटे उरले होते, धुवून धुवून सायीसारखे मऊ झालेले. त्यातून गेशेने नखाएवढे पांढरे चौकोन कापले आणि चिमट्याने दोरीवर घातले. काय सुंदर दिसत होते! हिनर्क बघायला आला, माझ्यावर वाकला, कौतुकाचे काहीतरी बोलणार तेवढ्यात त्याला शिंक आली.

धुणे उडाले. अर्धे गाईंच्या शिंगांवर, अर्धे लोण्यावर आणि एक चौकोन थेट चहात. गेशेने तो चमच्याने काढला, पिळला, आणि डिंकाची सगळ्यात घट्ट बाटली उघडली. एकेक चौकोन तिने दोरीला पक्का चिकटवला. "आता समुद्रावरचं वादळ येऊ दे," ती म्हणाली.

मित्रांनो, हा डिंकच पुढे नडला.

मेळाव्याच्या दिवशी मला दुलईत गुंडाळून नेले. तिथला सगळा कारभार ओन्नो मास्तरांकडे होता. ते खऱ्या स्टेशनावरही मास्तर होते, आणि सुट्टी घेऊन या खोट्या रेल्वेवर खऱ्याहून कडक मास्तरकी करत. त्यांच्याकडे एक पितळी साचा होता. प्रत्येक फळीच्या टोकाला तो लावून बघायचे. केसाचा जरी फरक पडला तरी फळी परत. माझ्या टोकाला तो थंडगार साचा लागला तेव्हा माझा श्वास अडकला. गेशे शेजारी एप्रनचा कोपरा पिळत उभी होती.

"हं," मास्तर म्हणाले.

"‘हं’ म्हणजे काय, मास्तर?"

"‘हं’ म्हणजे हं." आणि ते पुढच्या फळीकडे गेले.

हिनर्क तिच्या कानात कुजबुजला, "नशीबवान आहेस. मला ते आजवर नुसतं ‘ठीक’ म्हणालेत."

माझ्या डाव्या टोकाला कोणाचे तरी बिटाचे शेत आले, उजवीकडे पवनचक्की आली. खिळ्या बसल्या, तारा जोडल्या गेल्या आणि थोड्या वेळाने दुरून एक बारीक थरथर माझ्या अंगात आली. पहिली गाडी! दुधाचे कॅन भरलेली छोटीशी गाडी होती ती. शेतातून आली, चार श्वास माझ्यावर राहिली आणि पवनचक्कीकडे गेली. मित्रांनो, एकटी असताना माझे रूळ कुठूनच येत नव्हते आणि कुठेच जात नव्हते. त्या दिवशी ते समुद्रापर्यंत जात होते. पाळण्यातले पहिले बाळ सोडले तर एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

शुक्रवार, शनिवार मजेत गेले. लोक केक विचारत आणि फ्राउके केकच्या रिकाम्या टेबलामागे उभी राहून सांगे, "या वर्षी आईने रूळ भाजलेत." गेशे मात्र रविवारची वाट पाहत होती. हिनर्कची सहलगाडी तिच्या आईच्या घरावरून जाणार होती. एवढेच तिला हवे होते. त्यासाठी तर तिने हिवाळाभर टेबल सोडले होते.

रविवारी सकाळी ओन्नो मास्तरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान फाडले. "आज रविवार! मालगाड्या बंद, टपाल बंद. टोप्या नीट घाला." मग पहिली गाडी सोडण्यापूर्वी ते हात मागे बांधून रेल्वेच्या कडेकडेने तपासणीला निघाले. बिटाचे शेत बघितले. माझ्यापाशी आले आणि थांबले.

"हे काय?"

"घर," गेशे म्हणाली.

"घर मला दिसतंय. दोरीवर काय आहे?"

"धुणं."

"आज वार कोणता?"

गेशेने ओठ चावला. मित्रांनो, आमच्याकडचा वारा आठवडाभर सगळ्यांचे कपडे वाळवतो, पण रविवारी दोरी रिकामी हवी. त्या दिवशी कोणी धुणे घालत नाही. घातले तर शेजारी भांडत नाहीत, पण सोमवारी बेकरीत नमस्काराचे ‘मोइन’ म्हणताना तोंड फिरवून म्हणतात. ते भांडणाहून वाईट.

"पण मास्तर, शुक्रवारी तुम्ही ‘हं’ म्हणालात."

"शुक्रवारी शुक्रवार होता. ठीक आहे, धुणं काढ. उद्या घरी गेल्यावर घाल."

"निघत नाही."

"म्हणजे?"

"चिकटवलंय."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "चिकटवलंय? धुणं? कायमचं?"

"याला शिंक आली होती," गेशेने हिनर्ककडे बोट दाखवले. हिनर्क छताकडे बघू लागला.

गेशेने चिमट्याने ओढून पाहिले. खांब वाकू लागले, घराची कौले हलली, पण चौकोन जागचा हलला नाही. मास्तर वाईट नव्हते हो. त्यांचाही जीव तुटत होता. "हे बघ गेशे," ते म्हणाले, "रविवार म्हणून मी तिकडे त्या पोराची कोळशाची गाडी बंद ठेवली. तो रडकुंडीला आला होता. आता तुझ्या घराला मी वेगळा रविवार कुठून आणू?" आणि त्यांनी टेबलाखालून एक फळी ओढली. नुसती हिरवी, वर रूळ, बाकी काही नाही. अडीअडचणीला ठेवलेली कोरी फळी. माझ्याच लांबीची. ती माझ्या जागी बसणार, गाड्या चालणार, आणि मी दुलईत जाणार.

"नाही!" फ्राउके रिकाम्या टेबलामागून ओरडली. "त्या फळीवर माझे दात आहेत!"

सगळे हसले, पण गेशे हसली नाही. तिने माझ्या शेजारची खिळी सैल करायला हात पुढे केला, पण खिळीआधी तिने बोटाने माझ्यावरचा भुसा सारखा केला. ती बोटे मी हिवाळाभर ओळखत होते.

तेवढ्यात हिनर्क पुढे आला. लांब पलीकडच्या स्टेशनात त्याची सहलगाडी उभी होती, दिवे लावून, टोप्याबिप्या घालून. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "मास्तर," तो म्हणाला, "मग आज सोमवार करा."

"सोमवारी सहलगाडी सुटत नाही, हिनर्क."

"मला सांगताय? मीच लिहिलंय ते वेळापत्रक. सुटेल पुढच्या वर्षी. आजोबांच्या डब्यातलं सँडविच काही शिळं होत नाही."

"काही सोमवार करायचा नाही!" गेशे उसळली. "अख्खा हिवाळा त्या गाडीपायी तू माझ्याशी धड बोलला नाहीस, आणि आता ती सोमवारवर घालवतोस?"

"अगं, तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी काही करायचंच असेल तर शिंकू नकोस!"

आता काय करावे? आमच्याकडे अशा वेळी चहा करतात. पेल्यात खडीसाखरेचा खडा पडला, त्यावर कढत चहा पडला, खडा चर्रर्र करून तडकला, वरून सायीचा ढग सोडला. पहिला पेला संपला. दुसरा पेलाही तसाच. तिसरा संपल्यावर ओन्नो मास्तरांनी पेल्यात चमचा ठेवला. तसा चमचा ठेवला की आणखी चहा नको, आणि आणखी बोलणेही नको.

"गेशे," ते उठता उठता म्हणाले, "तूच सांग. आपल्याकडे रविवारी कोणाच्या दोरीवर धुणं असतं? एक घर सांग. एक!"

उत्तर यावे म्हणून त्यांनी विचारलेच नव्हते. पण गेशे माझ्याकडे बघत होती. तिने धुण्याकडे पाहिले. मग तिचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि दातांच्या व्रणांवर येऊन थांबला.

"ज्या घरात तान्हं बाळ असतं," ती सावकाश म्हणाली, "त्या घरात."

निघालेले मास्तर जागीच थांबले. कारण ते खरे होते. बाळाच्या दुपट्यांना रविवार नसतो. वाराही त्यांना नाही म्हणत नाही आणि शेजारीही नाही. उलट, रविवारी दोरीवर दुपटी दिसली की कडकातली कडक म्हातारीसुद्धा कुंपणापाशी थांबून विचारते, "मुलगा की मुलगी?"

मास्तर परत आले. वाकले. चष्मा खाली ओढून त्यांनी एकेक पांढरा चौकोन निरखला. "ही दुपटी आहेत?"

"दुपट्याच्याच कापडाची. हिच्या." गेशेने फ्राउकेकडे मान हलवली.

"आई!" फ्राउके लालबुंद झाली.

"बरं. आणि बाळ कुठं आहे?" मास्तरांनी तपासणीच्या आवाजात विचारले.

"आत झोपलंय," गेशे म्हणाली. "हळू बोला."

आणि मित्रांनो, ज्यांचा आवाज चार फलाटांपलीकडे जायचा ते ओन्नो मास्तर एकदम कुजबुजले, "कधी झालं?"

"या हिवाळ्यात."

"बाळबाळंतीण बरी आहेत ना?"

"छान आहेत."

मागून कोणीतरी मोठ्याने विचारले, "काय झालं, काय म्हणाले मास्तर?" तर तिघेचौघे त्याच्यावर एकदम "शूऽऽ" करून धावले. सगळी व्यायामशाळा चवड्यांवर चालू लागली. मास्तर आपल्या पत्र्याच्या डब्यापाशी गेले. त्यात त्यांची छोटी माणसे असत, हमाल, पोस्टमन, पाद्रीबाबा. बराच वेळ खुडबुड करून त्यांनी तळातून काहीतरी काढले आणि बोटाच्या टोकावर ठेवून आणले. ती निळी बाबागाडी होती, मसुरीच्या दाण्याएवढ्या चाकांची.

"नियम म्हणजे नियम," ते पुटपुटले. "बाळ आहे तर दिसायला हवं. दारात ठेव, थोडं ऊन लागू दे त्याला. डिंक तुझाच लाव. तो बरा दिसतोय."

कोरी फळी टेबलाखाली गेली. सहलगाडी सुटली.

मला तिची थरथर लांबूनच कळली. बिटाच्या शेतातल्या वळणावर ती आली तेव्हा हिनर्कने वेग कमी केला, ओठांचा चंबू केला आणि शिट्टी घातली. लांब, बारीक आणि अगदी हळू, बाळ उठू नये म्हणून. गेशेचे दोन्ही हात आपोआप छातीशी आले, जणू कवेत चादरी होत्या. गवती टोप्या, मिशीवाले आजोबा, जीभ काढणारा पोरगा, सगळे तिच्या आईच्या घरावरून समुद्राकडे गेले.

हिनर्कने विचारले, "काळी झाली का गं?"

"नाही," गेशे म्हणाली. "सगळी वाचली." मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे जिन्यात बसून ऐकत होतास तर!"

त्यानंतर माझे दिवस पालटले. मेळाव्याला येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे येई आणि हळू आवाजात विचारी, "बाळ कसं आहे?" आमच्याकडे बाळे करकोचा आणतो म्हणतात, म्हणून पुढच्या वर्षी कोणीतरी छपरावर करकोचा बसवला. माझ्यावर अजूनही कोणी उतरत नव्हते, पण आता सगळे थांबत मात्र होते.

पण चांगले दिवस काही चिकटवून ठेवता येत नाहीत, गेशेच्या डिंकानेसुद्धा नाही. गेशे आणि हिनर्क मोठे घर सोडून दोन खोल्यांत राहायला गेले. त्याचे गुडघे दुखू लागले, मेळाव्याला जाणे आधी लांबले आणि मग राहूनच गेले. मी फ्राउकेच्या गॅरेजमध्ये हिवाळी टायरांच्या मागे गेले, तीही आडवी नव्हे, उभी! आता रुळांना उभे करून ठेवले तर गाडीने काय करावे? माझ्या गाई भिंतीला चिकटून चरत होत्या. करकोच्याचा एक पाय गेला. एका उंदरीणबाईने माझे गवत ओरबाडून पिल्लांसाठी बिछाना केला. तिचा मला राग नाही, तीही आईच. पण धूळ बसून बसून दुपटी काळवंडली, आणि "बाळ कसं आहे" म्हणून विचारणारे कोणी उरले नाही. बाबागाडी तेवढी घट्ट होती.

मग एक दिवस गॅरेजचे दार उघडले.

"आई, आमचा पाळणा कुठं आहे गं?" फ्राउकेचा आवाज आला.

"अर्धा चुलीत गेला," गेशे म्हणाली, "आणि अर्धा तुझ्या टायरांमागे उभा आहे."

फ्राउकेने मला बाहेर ओढले, उजेडात आडवे केले आणि धुळीने तिला अशी शिंक आली की अगदी बापासारखी! दोघीही पटकन दोरीकडे बघू लागल्या. एकही दुपटे हलले नव्हते.

"बघ," गेशे अभिमानाने म्हणाली, "याला म्हणतात डिंक."

तेव्हा मी पाहिले, फ्राउकेच्या खांद्याला एक झोळी होती आणि झोळीत एक टकले डोके होते. तिची मुलगी, रीके. त्या वसंतात आम्ही सगळे मेळाव्याला गेलो. फ्राउकेने माझे रूळ घासले, गवत नव्याने चाळले, तेही चहाच्या गाळणीनेच. ओन्नो मास्तर आता काठी टेकत होते, पण पितळी साचा खिशात होता. माझ्या टोकाला तो लागला आणि मी पुन्हा श्वास रोखला.

"हं," मास्तर म्हणाले.

रविवारी त्यांनी पान फाडले आणि काठी टेकत माझ्यापाशी आले. "काय गं गेशे, त्या घरात अजून दुपटीच?"

"आता खरंच बाळ आहे, मास्तर." गेशेने शेजारच्या खऱ्या बाबागाडीकडे बोट दाखवले. "झोपलंय. हळू बोला."

मास्तरांनी आत डोकावून पाहिले आणि कुजबुजत रागावले, "पण इतकी वर्षं तीच दुपटी? ही बघ, काळीकुट्ट झालीत! पुरळ येईल त्या लेकराला."

म्हणून फ्राउके तिथेच बसली. तिने जुनी दोरी कातरीने कापली. रीकेच्या दुपट्याचा कोपरा कापून नखाएवढे नवे चौकोन केले आणि नव्या दोरीवर घातले, तेही डिंकाशिवाय. जुनी दोरी, धुण्यासकट, गेशेने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

सहलगाडी सुटली. वळणावर हिनर्कने ओठांचा चंबू केला, पण पुढचे दात नवे बसवल्यापासून त्याची शिट्टी वाजत नाही, नुसता वारा निघतो. तो वारा कोणाला ऐकू गेला नाही. फक्त मला गेला, आणि रीकेला. ती उठली. फ्राउकेने तिला गाडी दिसावी म्हणून माझ्यासमोर धरले. गवती टोप्या आल्या, आजोबा आले, जीभ काढणारा पोरगा आला. रीकेने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिने माझी कड दोन्ही मुठींनी धरली, तोंड उघडले, आणि आपले दोनच्या दोन नवे कोरे दात आईच्या व्रणांशेजारी खच्चून रोवले.

"अरे अरे, चावली!" सगळे कुजबुजत ओरडले.

ओन्नो मास्तरांनी गंभीरपणे खिशातून पितळी साचा काढला, माझ्या टोकाला लावला आणि म्हणाले, "माप बदललं नाही. चालेल."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी हाताने केलेली एखादी वस्तू असेल, टायरांमागे नाहीतर माळ्यावर उभी केलेली. तिला जपा. पण जपणे म्हणजे कपाटात कोंडणे नव्हे हो. तिची धूळ पुसा, तिची टोके सांभाळा आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी टोकाला जोडा, मग तिच्यावर थोडे दात उमटले तरी चालतील. आणि कधी आमच्या मेळाव्याला आलात, बिटाच्या शेतापलीकडचे लाल घर दिसले, तर अवश्य थांबा. वार कोणताही असो, दोरीवर धुणे असेल.

फक्त हळू बोला. आत बाळ झोपले आहे.